सूतभर फट

मी ओळंबा बोलतोय. दोरीला टांगलेला शिशाचा गोळा. भिंत सरळ आहे की वाकडी, एवढंच मला सांगता येतं; पण तेवढं मी राजालाही तोंडावर सांगतो. त्यामुळे माझ्यावर फारसा कुणाचा जीव जडला नाही. म्हातारा मिस्त्री आणि त्याची लेक, ही दोघं तेवढी वेगळी.

माझा जन्म भर समुद्रात झाला. शत्रू गलबतांतून येणार अशी खबर होती, म्हणून राजाने किनाऱ्यासमोरच्या खडकावर किल्ला बांधायला काढला होता. ओहोटी लागली की माणसं खडकावर धावायची, पायाचे दगड बसवून सांध्यांत वितळलेलं शिसं ओतायची आणि भरती आली की सामानसुमान उचलून पळत सुटायची. एकदा पळीत थोडं शिसं उरलं. मिस्त्रीने ते मातीच्या साच्यात ओतलं आणि मी झालो. म्हणजे किल्ल्याच्या पायातलं शिसं माझं सख्खं भावंड. ते पाण्याखाली गेलं, मी दोरीला लटकलो. ज्याचं त्याचं नशीब!

तिथला वारा मेला मला घडीभर स्थिर राहू देत नसे. म्हणून लेक खाली पाण्याची बादली घेऊन बसायची आणि मला तीत बुडवायची. पाण्यात मी गपगार व्हायचो. मग वरून मिस्त्री विचारायचा, "काय म्हणतोय गं आपला शहाणा?"

"सरळ म्हणतोय, बाबा."

काय दिवस होते ते! चुन्याचा वास, छिन्न्यांची टकटक आणि दुपारी एकाच मडक्यातलं पाणी पिणारी ती बापलेक. आठवलं की अजून जीव गलबलतो.

मग लेक तापाने आजारी पडली आणि महिनाभर कामावर आली नाही. तेव्हा मला कळलं, मिस्त्रीला दिसेनासं झालंय. तो मला सोडायचा, डोळे बारीक करायचा आणि "ठीक आहे" म्हणून पुढचा थर चढवायला सांगायचा. अहो, कसलं ठीक! मी जिवाच्या आकांताने सांगत होतो. पण माझं ऐकायला डोळे लागतात. असे समुद्राकडच्या बुरुजाचे अकरा थर चढले.

लेक बरी होऊन आली, तिने मला सोडलं आणि तिचा चेहरा पडला. "बाबा, बुरुज आत झुकलाय."

"तीस वर्षं भिंती उभ्या करतोय मी! आता तू मला शिकवणार?"

तिने बापाचा हात धरून दोरी आणि दगड यांच्या मधे नेला. सरळ भिंतीला दोरी लागून असते; इथे दोन बोटं आत गेली. म्हातारा मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

डोळे पुसून तो तडक किल्लेदाराकडे गेला. "अकरा थर पाडायचे."

"वेड लागलंय का, मिस्त्री? महिन्याभरात गलबतं येतील!"

"पहिलाच गोळा बसला तर हा बुरुज आपल्याच माणसांवर कोसळेल. मला हाकलायचं तर हाकला, पण आधी हा पाडा."

किल्लेदार चरफडला, पण त्याने पाडायला लावला. पुन्हा रचताना माणसांनी पाठ टेकली नाही. अखेर शेवटचा थर बसला. लेकीने मला सोडलं. मी पाहिलं, तिनेही पाहिलं. सूतभर फट होती, जेमतेम नख शिरेल एवढी.

"काय म्हणतोय शहाणा?"

तिने बापाच्या थकल्या तोंडाकडे पाहिलं. "सरळ म्हणतोय, बाबा."

माझ्या नावावर खोटं! माझा नुसता संताप झाला. म्हातारा चाचपडत दोरीपाशी आला, त्याचा अंगठा दगडावर क्षणभर थांबला आणि तो निघून गेला.

चार दिवसांनी गलबतं आली. सकाळपासून तोफगोळे बुरुजावर आदळत होते. प्रत्येक माऱ्यानंतर लेक आत शिरून मला सोडत होती. फट वाढली तर वरच्या गोलंदाजांना खाली उतरवायला हवं होतं. मारा झाला, फट सूतभर. पुन्हा मारा, पुन्हा सूतभर. मी देवाला विनवलं, आज मला वाईट बातमी सांगायला लावू नकोस. दुपार कलली तेव्हा दोन गलबतं बुडाली होती आणि उरलेली माघारी फिरली होती.

लेक धावत बापाकडे गेली. "बाबा, बुरुज हलला नाही!"

म्हातारा हसला. "सूतभरच राहिली ना फट?"

ती बघतच राहिली. मग बापाच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.

पुढे दोघंही गेली. मी हातोहात फिरलो, कुणा कोळ्याच्या जाळ्याला वजन म्हणून बांधला गेलो, आणि आता त्याच्या नातवाच्या घरात दाराशी खिळ्याला टांगलेला असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याचं डोकं माझ्यावर आपटतं आणि शिव्या मी खातो. दारातून किल्ला दिसतो. तटावर गवत माजलंय, किल्लेदाराच्या घराचं छप्पर कधीच उडालंय. आमचा बुरुज मात्र उभा आहे.

तिकडे कुणी जाणार असाल तर मलाही न्या हो. बुरुजावरून एकदा खाली सोडा. बादली विसरू नका, वारा फार असतो तिथे. फट तेवढीच आहे का बघा. आणि वरून कुणी विचारल्यासारखं वाटलं, तर म्हणा, "सरळ म्हणतोय, बाबा."