डब्याचा वाटेकरी

शिंप्यानं डबा मोरीवर उपडा धरून खडखडून हलवला. थेंबही सांडला नाही. बायकोच्या सायकलच्या कॅरिअरवरून, खड्ड्याखड्ड्यांतून तिच्या इस्पितळापर्यंत जायचं, म्हणजे एवढी परीक्षा घ्यायलाच हवी. आत मुगाचा मऊ भात, किसलेली काकडी. उभ्याउभ्या चार घासांत पोट भरेल असं. परिचारिकेला मांडी घालून जेवू कोण देतंय!

मागच्या आठवड्यात ती चक्कर येऊन सायकलवरून पडली होती. गुडघा फुटला, तो भरतही आला. पण ह्याच्या जिवाला लागलेला घोर काही सुटेना. डबा रोज चाटूनपुसून येतो आणि बाई उपाशी, हे कोडं तिला घरी पोचवायला आलेल्या मैत्रिणीनं सोडवलं होतं.

"भाऊजी, तुमच्या हाताला चव आहे बरं का. कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा तुमच्याच भातावर तगलेत. दात नाहीत, इस्पितळातलं गिळवत नाही, आणि भेटायला चिटपाखरू फिरकत नाही."

तो बायकोवर रागावला, मग त्यानं समजावलं, शेवटी हात जोडले.

"तुम्ही तिथं असतात तर तुम्हीही दिलंच असतं," ती म्हणाली, आणि विषय संपला.

मग त्यानं दोन डबे दिले. शेजारच्या खाटेवरच्यालाही पोट होतंच. दोन्ही रिकामे आले, आणि ती आली ती भिंत धरून. अख्ख्या वस्तीचे कपडे बेतणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोच्या पोटात चार घास घालता येत नव्हते.

म्हणून आज त्यानं भातात हिरव्या मिरच्या वाटून घातल्या. तिला झणझणीत आवडायचं. म्हाताऱ्याला सोसणार नव्हतं. तरी त्यानं झाकण दाबून बसवलं.

संध्याकाळी ती सायकल हातानं ढकलतच आली. डबा जड होता.

"आज आजोबांनी पहिलाच घास थुंकला. डोळ्यांतून नुसतं पाणी. किती विनवलं, पण नंतर तोंडच उघडेनात. अन्नावरची वासनाच उडाली हो त्यांची. आता काही खरं नाही."

"मग तू तरी खायचंस ना."

"त्यांचा हात धरून बसले होते. माझ्याच्यानं गिळवलं असतं का?"

त्यानं भात गरम केला, ताटलीत वाढला. तिनं घास घेतला, चावला आणि थांबली. डोळे भरून आले. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"तिखट चुकून पडलं का हो?"

त्यानं पाण्याचा पेला पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

"नाही," तो म्हणाला.



"आणि उद्याही त्यांनी तोंड उघडलं नाही तर?" तिनं विचारलं, आणि ताटली हळूच त्याच्याकडे सारली.