शेवटच्या घराला पाणी

आमचे सासरे, आबा, पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. पहाटे उठायचं, सायकलला लांब लोखंडी चावी बांधायची आणि एकेका रस्त्याचा व्हॉल्व्ह फिरवत जायचं, हेच काम त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. आता सकाळी काय खाल्लं ते त्यांना दुपारी आठवत नाही, पण पहाटेची जाग काही चुकत नाही. उठले की घरातले नळ सोडत सुटायचे. स्वयंपाकघरातला, मोरीतला, बेसिनचा, सगळे. अडवायला गेलं तर म्हणायचे, लोक खोळंबलेत.

ऐन उन्हाळ्यात, पाणी दिवसाआड येत असताना, उजाडायच्या आत टाकी रिकामी झालेली बघून माझं डोकं फिरायचं. ह्यांचं तर माझ्याहून जास्त. असं चारदोनदा झाल्यावर ह्यांनी थोरल्या भावाला फोन लावला आणि परस्पर ठरवून टाकलं की आबांनी आता भाऊजींकडे राहायचं. तिथं नवव्या मजल्यावर फ्लॅट, चोवीस तास पाणी, दिमतीला एक बाई. मला कुणी विचारलंच नाही, म्हणून मी न विचारताच सांगितलं. मला माहेरी वडील नव्हते, ते इथं मिळाले, आणि ते मी नवव्या मजल्यावर ठेवायला देणार नाही. हे म्हणाले, दादा महिन्याभरानं येतोय, तोवर टाकी वाचवून दाखव.

दाखवते म्हटलं. राग आला की माझी बुद्धी जरा बरी चालते.

आमच्या मोरीचं आणि भांडी विसळल्याचं पाणी सरळ गटारात जायचं. ते मी मागच्या, जोत्याहून बऱ्याच खालच्या अंगणाकडं वळवायचं ठरवलं. विटांच्या ओट्यावर पिंप बसवलं, तोंडाशी वाळू-खडीची गाळण केली, डास आत जाऊ नयेत म्हणून वर जुन्या साडीचं फडकं ताणून बांधलं. पिंपापासून पाट काढला तो केळीला, तिथून कर्दळीला, पपईला, आणि शेवटी कुंपणाजवळच्या उतारावरच्या लिंबाला. प्लंबर म्हणाला, “वहिनी, एवढ्याशा पिंपाला साधी तोटी पुरे.” मी म्हटलं, मला चाकाचा व्हॉल्व्ह हवा, दोन्ही हातांनी फिरवावा लागेल असा. डोक्यावर परिणाम नेमका कुणाच्या झालाय, सासऱ्यांच्या की सुनेच्या, हे त्याला कळेना. पण बसवून दिला.

दुसऱ्या दिवशी आबा स्वयंपाकघरात पोचायच्या आत त्यांचा हात धरून मी त्यांना अंगणात नेलं. त्यांनी चाकावरून हात फिरवला, पाइपाला कान लावला आणि हळूहळू व्हॉल्व्ह उघडला. त्या दिवसापासून घरातल्या नळांना त्यांनी हात लावला नाही. विचारलं तर म्हणायचे, ते माझ्या हद्दीत येत नाहीत.

असलं पाणी साठवून ठेवलं की वास येतो, डास होतात. त्यामुळे पिंप रोजच्या रोज रिकामं करणं भागच होतं आणि आबांचा एकही खाडा चालणारा नव्हता. त्यांच्या कामाची एक रीत होती. शेवटच्या घरातून “आलं” असा आवाज आल्याशिवाय व्हॉल्व्ह बंद करायचा नाही. आता शेवटचं घर म्हणजे लिंबू, आणि लिंबाला तोंड नाही, म्हणून मी तिथं उभी राहून ओरडायचे. शेजारीण आधी घाबरली, मग सवयीनं माझ्या हाकेच्या वेळेवर दूध तापवायला ठेवू लागली.

अंगण बघता बघता बदललं. केळीनं नवं पान सोडलं. कर्दळीवर शिंजीर पक्षी येऊ लागले, पाटात बुलबुल अंघोळ करू लागले, लिंबाच्या आळ्यात मुंगूस चोरासारखं पाणी पिऊन जायचं. पिंपाखाली एक बेडूक राहायला आला, त्याला आबा बेकायदेशीर कनेक्शन म्हणायचे. सातभाईंचं टोळकं कलकलत उतरलं की हात वर करून सांगायचे, भांडू नका, सगळ्यांना मिळणार आहे. मला त्यांच्याकडं बघत राहावंसं वाटायचं. इतकं आनंदी मी त्यांना सासूबाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

टाकी वाचली. पण ह्यांचं म्हणणं, काल नळ सोडत होते, उद्या गॅस सोडला तर? हे काही अगदीच खोटं नव्हतं. गॅसचा रेग्युलेटर मी रोज बंद करूनच झोपत होते, पण भीती मलाही होती.

महिना भरला तसे भाऊजी उजाडताच आले, इस्त्रीच्या कपड्यांत, पायात चकचकीत बूट. गाडी दाराशी लावून थेट अंगणात आले. आबा व्हॉल्व्हवर होते. त्यांनी भाऊजींना ओळखलं नाही. बरं झालं आलात म्हणाले, आणि हात करून त्यांना लिंबाजवळ उभं राहायला सांगितलं. भाऊजींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “जा. पाणी पोचलं की ‘आलं’ म्हणा, नाहीतर ते बंद करणार नाहीत.”

पाणी केळी, कर्दळ, पपई करत उतारावर गेलं. भाऊजींच्या बुटांपाशी पोचलं. एक बुलबुल त्यांच्या पायाशी खुशाल पंख भिजवत बसला. आबांनी हाक मारली, “शेवटच्या घराला आलं का?” भाऊजी खाली पाण्याकडं बघत राहिले. पुन्हा हाक मारली, तरी त्यांची मान वर होईना. मग आबाच पाटाच्या कडेनं चालत तिथवर गेले. पाणी बघितलं, बूट बघितले, आणि मग भाऊजींच्या गालावरून ओघळणारं पाणीही बघितलं.

“किती दिवस पाणी नव्हतं तुमच्याकडं?” आबांनी विचारलं. पोटच्या पोराला ते अहो-जाहो करत होते.

“बरेच दिवस झाले, आबा,” भाऊजी म्हणाले.

आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “माझंच लक्ष नव्हतं. आता रोज येईल. मी काय, इथंच आहे.”

भाऊजींनी मान हलवली. हे माझ्या मागं दारात येऊन उभे होते. भाऊजी त्यांच्याकडं बघत म्हणाले, “हो आबा, तुम्ही इथंच आहात.” मग ते शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, “आलं!”

आबा व्हॉल्व्ह बंद करायला परत फिरले.