रविवारची गरी

दोरी सुटली ती समुद्राकडे जायची सोडून मागे गेली आणि गळ गंगाधर लिमये यांच्या स्वतःच्याच धोतरात, नको त्या ठिकाणी अडकला. हा प्रकार पहिल्या रविवारी झाला असता तर हसण्यावारी नेता आला असता. हा तेहतिसावा रविवार होता.

“दर्या थंयच आसा, लिमयेनू,” मागून सीताराम म्हणाला. “पळान जाणा नाय.”

लिमये धोतर फाडून गळ सोडवण्यात गुंतले होते.

लिमये गिरगावात राहणारे, एका विमा कंपनीत कारकून. घरात चातुर्मासात कांदासुद्धा यायचा नाही. अशा गृहस्थाने पहाटेची पहिली ट्राम पकडून दादरच्या चौपाटीवर मासे धरायला जावं, हे त्यांच्या चाळीत कुणालाच पटत नव्हतं. पत्नी पद्मजाबाई तर त्यांना खालच्या नळावर आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसत. पण तोंडाने त्या काही बोलत नसत, कारण खरं निमित्त त्यांना ठाऊक होतं.

मागल्या वर्षी फ्लोरा फाउंटनला मोर्चावर लाठ्या चालू झाल्या तेव्हा सगळे पळाले आणि लिमये वाकले. चपलेचा अंगठा तुटला होता. चप्पल नवी होती. म्हणून माणूस अशा वेळी ती उचलायला वाकतो, याला काय म्हणावं? त्यांच्या डोक्यावर येणारी लाठी शेजारच्या अनोळखी माणसाने आपल्या उजव्या हातावर घेतली. तो सीताराम, करी रोडच्या चाळीत राहणारा, मूळ मालवणकडचा, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा. मनगटाचं हाड जुळलं, पण बोटं मिटेनात. साचे सुटले आणि तो गोदामाच्या दारावर राखणीला बसू लागला. चप्पल मात्र सुखरूप घरी आली. लिमयांनी ती पुन्हा पायात घातली नाही.

इस्पितळात सीताराम इतकंच म्हणाला होता की, साचे काय, कुणीही चालवील. रविवारची गरी तेवढी गेली. गरी म्हणजे हाताने लाटांत फेकायची लांब दोरी, टोकाला शिसं आणि दोन गळ. लहानपणापासून हा एकच त्याचा षौक. लिमये म्हणून गेले, “मी टाकीन. तुम्ही सांगा, मी टाकतो.” एकच अट त्यांनी घातली. गळाला कोलंबी लावायची ती सीतारामने. त्या घाणीला आपला हात लागायचा नाही. सीतारामने मान डोलावली.

एक मासा, लिमयांनी मनाशी ठरवलं होतं. फक्त एक मासा लाटेतून काढून त्या माणसाच्या हातात द्यायचा. मग त्याच्या तोंडाकडे सरळ बघायला आपण मोकळे.

पण तो एक मासा काही येईना. दोरी डोक्याभोवती फिरवून सोडायची तर कधी सोडायची? जरा आधी सोडली की ती वाळूत, जरा उशिरा सोडली की मागे फिरणाऱ्या एखाद्या पेन्शनराच्या अंगावर. लाट फुटते तिच्या पलीकडच्या खळग्यात गळ पडला पाहिजे, कारण मुडदुशा नावाचे मासे तिथे चरतात, असं सीताराम सांगे. लिमयांना खळगा दिसतच नसे. त्यांना नुसतं पाणी दिसे, गढूळ आणि उर्मट. चुकून गळ जागेवर पडलाच, तर दोरी बोटावर धरून उभं राहायचं. लाट दोरी ओढते, मासाही ओढतो. लिमये दर ओढीला हिसका देत आणि दर हिसक्याला मागून तोच आवाज येई, “ती लाट. मासो नाय.” पावसाळ्यात समुद्र बंद, तर सीतारामने त्यांना परळच्या एका मैदानात नेलं आणि नुसतं शिसं फेकायला लावलं. चिखलात. चार महिने.

त्यात भर म्हणजे सीताराम कोलंबी लावायला अतोनात वेळ घेई. लिमये समुद्राकडे तोंड करून, नाकाला उपरण्याचं टोक लावून उभे असत आणि मनातल्या मनात चडफडत. दोनदा ते बोललेही, की एवढं कसलं नक्षीकाम चाललंय? तेव्हा सीतारामने त्यांना माशाला घाई नाही, लाटेला घाई नाही, तुम्हालाच कसली, असं विचारलं. बायकोने विचारलं तर लिमये म्हणत, तो माणूस देव आहे आणि त्याला माझ्या डोळ्यांसमोरून घेऊन जा.

धोतर फाटल्यानंतरच्या गुरुवारी हरताळ पडला. कचेरी बंद, ट्रामही बंद. लिमयांनी गुपचूप स्वतःची दोरी विकत घेऊन जिन्याखाली लपवली होती. ती पिशवीत घालून ते गिरगावातून पायी निघाले. आज एकट्याने सराव करायचा, आमिष नाही, शिव्या नाहीत, नुसतं शिसं. वाटेत दुकानांच्या फळ्या लागलेल्या होत्या आणि नाक्यानाक्यावर घोषणा चालू होत्या. दोन तासांनी, टाचेला फोड घेऊन, ते दादरच्या वाळूवर उतरले.

पाण्यात गुडघाभर सीताराम उभा होता. लुळा उजवा हात छातीशी, आणि डाव्या हातात दोरी. ती त्याने दोनदा फिरवली आणि सोडली. घाई नाही, आटापिटा नाही. शिसं लाटेवरून गेलं आणि पलीकडे टुपकन पडलं. लिमयांना आयुष्यात पहिल्यांदा तो खळगा दिसला. थोड्या वेळाने सीताराम दोरी खांद्यावर घेऊन मागे मागे चालत आला, तिच्या टोकाला एक मुडदुशी वळवळत होती. वाळूत आणखी तीन पडल्या होत्या.

लिमयांच्या अंगाचा तिळपापड झाला. तेहतीस रविवार, तो चिखल, नळावरच्या आंघोळी, फाटलेलं धोतर! ते तरातरा गेले.

“तुम्ही मला वर्षभर मूर्ख बनवलंत.”

सीताराम दचकला. डाव्या हाताला फेक कधी बसली, असं लिमयांनी विचारलं. पावसाच्या आधीच, तो खाली बघत म्हणाला. मग हे मला का करायला लावलंत, मी काय हौसेने येतो? त्यावर सीतारामही उसळला. तो तरी काय हौसेने येतो? लिमयांच्या हिसक्यांनी दादरपासून माहीमपर्यंतचे मासे पळून गेलेत, त्याचे सगळे रविवार नासलेत. ते ऐकून लिमये जास्तच चिडले. मग बोलवत का होतात, ते त्यांना कळायला हवं होतं.

सीतारामने मुडदुशी पायाखाली धरून गळातून सोडवली.

“तुमी इस्पितळात येय होतास, तेवा पयलो माझो हात बघी होतास, मगे तोंड. घराक इलास तरी तसाच. गरी हातात घेतल्यापासून तुमी दर्यात बघतास. माझ्यार डाफरतास. माका ता बरा वाटता.”

लिमयांचा राग उतरेना. ते तसेच धुमसत, त्याच्याकडे रोखून बघत उभे राहिले. सीतारामने गळ रिकामा पाहिला आणि पुन्हा कोलंबी लावायला तो वाळूत बसला. एरवी लिमयांनी या वेळी तोंड फिरवलं असतं. आज फिरवलं नाही.

सीतारामने कोलंबी एका फळकुटावर ठेवली आणि लुळ्या मनगटाने दाबून धरली. डाव्या हाताने गळ टोचायला गेला तशी ती सटकली. वाळू झटकून पुन्हा ठेवली, पुन्हा सटकली. तिसऱ्यांदा गळ मनगटातच घुसला. त्याने तो काढला, रक्त चोखलं आणि चौथ्यांदा कोलंबी ठेवली. त्याच्या मनगटावर अशा बारीक टोचण्याच्या खुणाच खुणा होत्या, जुन्या आणि नव्या.

दर रविवारी, दर फेकीला. आपल्या पाठीमागे हे चाललं होतं आणि आपण नाक झाकून नक्षीकाम म्हणालो. फेकायला या माणसाला आपला हात कधीचाच नको होता. हात हवा होता तो इथे, आणि तेवढाच आपण दिला नव्हता. लिमयांना स्वतःची अशी लाज वाटली की ती चप्पलही त्यापुढे काही नव्हती.

ते खाली बसले आणि फळकुटावरची कोलंबी त्यांनी उचलली. ती गार आणि बुळबुळीत होती. त्यांनी गळ घातला तो आरपार गेला आणि कोलंबी फाटली. त्यांनी दुसरी घेतली.

“शेपटेकडसून नाय, लिमयेनू,” सीताराम वैतागून म्हणाला. “टकलेकडसून. किती येळा सांगूचा?”

हे त्याने एकदाही सांगितलेलं नव्हतं. लिमयांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी डोक्याकडून गळ नीट आत घातला आणि दोरी त्याच्या डाव्या हातात दिली.