वजनापुरती बायको

मास्तरांची गाडी वळण घेत नसे, वळणाला शरण जात असे. स्टिअरिंग फिरवलं की आधी एका अंगावर कलंडायची, मग विचार करायची आणि मग वळायची. स्पीडब्रेकर मागे पडला तरी त्याची आठवण तिच्या अंगात पुढच्या चौकापर्यंत उसळत राहायची. पुढच्या चाकांतून एक खडखड यायची. तिला मास्तर ‘गाडी बोलते’ असं म्हणायचे. बायको म्हणायची, “बोलत नाही, कण्हते.”

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. दुकान आता लेक सांभाळत होती आणि मास्तर निवृत्त होते, म्हणजे रोज दुकानात जाऊन लेकीच्या कामात अडथळा आणत होते. चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधायचा आणि सापडला नाही की घरच्यांच्या वेंधळेपणाबद्दल हळहळायचं, हा त्यांचा दुसरा उद्योग. गाडीच्या बाबतीतही तेच चाललं होतं. रस्ते वाईट होते, पालिका वाईट होती, टायर कंपन्या पूर्वीच्या राहिल्या नव्हत्या. गाडी उत्तम होती.

मग एका रविवारी सासूबाईंकडे जाताना, डोंगराच्या वळणांवर, बायकोने गाडी थांबवायला लावली. खाली उतरली, रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसली, बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, “या गाडीत मी पुन्हा बसणार नाही.”

आवाज चढला असता तर मास्तर निर्धास्त राहिले असते. चढलेला आवाज संध्याकाळपर्यंत उतरतो, हा त्यांचा संसारातला अनुभव होता. हा आवाज चढलाच नव्हता, त्यामुळे उतरणार कुठून?

तिने फोन करून भावाला बोलावलं. मेहुणा त्याच्या नव्याकोऱ्या गाडीतून आला, बहिणीला घेऊन गेला, आणि तेव्हापासून तीच रीत पडली. दर रविवारी पुढे मेहुण्याची गाडी, तीत बायको, आणि मागे आपल्या गाडीत मास्तर एकटे. सगळा रस्ता ते पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून बायकोचा अंबाडा बघत यायचे. तो अंबाडा हसताना हलायचा. मेहुण्याचे विनोद इतके चांगले कधीपासून झाले, हे मास्तरांना कळेना. आपल्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून त्यांनी एकदा “खिडकी लावू का?” असं विचारलंसुद्धा. मग आजूबाजूला कुणी ऐकलं नाही ना हे पाहिलं आणि खिडकी तशीच ठेवली.

तिसऱ्या की चौथ्या रविवारनंतर ते गाडीखाली शिरले.

मेकॅनिकने आधीच निकाल दिला होता. शॉक ॲब्सॉर्बर गेलेत, स्प्रिंगा बसल्यात, चाकांना धरणाऱ्या आर्मच्या रबरी बुशांचा चुरा झालाय. “काढून टाका मास्तर, हिच्यात काही राहिलं नाही.” पण ज्या माणसाने आयुष्यभर कॉलर उलटवून दिल्या, जुन्या कोटांना नवं अस्तर घातलं, त्याला ‘काढून टाका’ हा शब्द शिवीसारखा लागतो. स्प्रिंगांचं काम धोक्याचं, त्यामुळे त्या आणि शॉक ॲब्सॉर्बर मेकॅनिकने बदलून दिले. बुशांचं काम मात्र मास्तरांनी स्वतःकडे घेतलं. बुश म्हणजे काय, तर लोखंडाच्या दोन नळ्यांमध्ये बसवलेलं जाड रबर. म्हणजे जवळजवळ अस्तरच. अस्तराच्या कामात आपल्याला कोण शिकवणार?

गाडी जॅकवर चढवून, भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवून ते खाली आडवे झाले. गंजलेला पहिला बोल्ट निघेपर्यंत त्यांची त्याच्याशी चांगली ओळख झाली. जुना बुश निघाला तेव्हा त्याच्या भेगेत अख्खं बोट जात होतं. तो घेऊन ते थेट स्वयंपाकघरात गेले.

“बघ. तुला मळमळत होतं ना, ते याच्यामुळे.”

“ते ओट्यावरून उचला आधी,” बायको म्हणाली.

नवे बुश बसले, आर्म जागेवर गेले आणि मास्तरांनी सगळे बोल्ट सगळा जीव लावून आवळले. मग गाडी खाली उतरवली. ती पुढून अशी नाक वर करून उभी राहिली, जणू तिची नुकतीच कुठल्याशा समितीवर नेमणूक झाली होती. मास्तरांनी तिला गल्लीतून फिरवून आणलं. आधी ती होडी होती. आता खलबत्ता झाली होती. रस्त्यावरचा प्रत्येक खडा आपलं नाव सांगून जात होता.

मेहुणा शेजारी बसला होता. परत आल्यावर त्याने हनुवटी चाचपली. “भाऊजी, आधी पोट ढवळायचं. आता नुसते दात हलतात. सुधारणा आहे.”

“नवं आहे. अंगवळणी पडेल.”

“गाडीच्या की माझ्या?”

“ताईला काही सांगू नकोस.”

“मी कशाला सांगू? ती खिडकीत उभी आहे.”

दोन दिवस मास्तर दुकानात गप्प बसून होते. लेकीला हे इतकं सोयीचं वाटलं की तिने त्यांना दोनदा चहा दिला. एक गिऱ्हाईक कोटाच्या ट्रायलला आलं होतं. आरशासमोर उभं राहताच गृहस्थाने पोट आत ओढलं, छाती काढली, खांदे मागे घेतले आणि श्वास धरून ठेवला.

“काका, श्वास सोडा,” लेक टाचण्या तोंडात धरूनच म्हणाली. “रोज उभे राहता तसे उभे राहा. नाहीतर हा कोट फक्त याच आरशासमोर बसेल. घरी गेलात की पाठीला पीळ पडेल.”

हे वाक्य मास्तरांचंच. लेकीला त्यांनी ते इतक्या वेळा ऐकवलं होतं की ती झोपेतही म्हणाली असती. आज ते मास्तरांनी पहिल्यांदा ऐकलं. गाडी हवेत होती. चाकं लोंबत होती. जन्मात ज्या अवस्थेत गाडी कधी चालत नाही, त्या अवस्थेत तिला उभी करून त्यांनी शिवण पक्की केली होती. जमिनीवर वजन आलं, आर्म वर गेले आणि बोल्टने जखडलेलं रबर बिचारं पिळून बसलं.

“गाढवा,” ते म्हणाले.

गिऱ्हाइकाने दचकून उरलासुरला श्वासही सोडला.

“तुम्हाला नाही हो,” लेक म्हणाली. “बाबा स्वतःशी बोलतायत. हल्ली बरं बोलतात.”

खात्री करायला ते मेकॅनिककडे गेले. तो म्हणाला, बरोबर आहे, बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर उभी करा आणि मग आवळा, एवढं पुरे. घरी पोचेपर्यंत मास्तर त्यातलं ‘एवढं पुरे’ विसरले.

“गाडीत नेहमीचं वजन पाहिजे,” त्यांनी जेवताना जाहीर केलं. “माप घ्यायचं तर रोजच्यासारखं.”

“वाळूची पोती ठेवा,” बायको म्हणाली.

“पोतं बसत नाही. ठेवल्यासारखं राहतं. माणूस कसा, एका कुशीवर भार देऊन बसतो.”

“कोण बसतं एका कुशीवर?”

मास्तरांनी ताटात बघितलं. टेलर गिऱ्हाइकाचं माप चारचौघांत बोलत नाही. लेकीला हसू आवरेना, म्हणून ती पाणी आणायला उठली.

बायकोने जेवण संपवलं, हात धुतला आणि मग म्हणाली, “रविवारी, आईकडे निघायच्या आधी. वजन म्हणून बसेन. बायको म्हणून नाही.”

रविवारी सकाळी गाडीची चारही चाकं अंगणात जाड फळ्यांच्या थप्प्यांवर चढवली होती. फळ्या मास्तरांच्या जुन्या कटिंगच्या टेबलाच्या. चाकांना पुढूनमागून ठोकळे लावले होते. चालकाच्या जागी मेहुणा बसला, शेजारी बायको, मागे लेक. मास्तर पाना घेऊन खाली सरपटले.

“कुठे जायचं, ताई?” वरून मेहुण्याचा आवाज आला.

“जिथे जातोय तिथे पोचलोय.”

“आई, खिडकी लाव ना, धूळ येतेय,” लेक म्हणाली.

“उभ्या गाडीत कसली धूळ?”

“भाऊजी, समोर एक मांजर आहे. हॉर्न देऊ?”

“स्टिअरिंगला हात लावू नकोस,” बायको म्हणाली. “ते खाली आहेत.”

हे ‘ते खाली आहेत’ मास्तरांनी खाली ऐकलं. नवऱ्याविषयी कमी काळजीने बोलता येईल अशी पुष्कळ वाक्यं तिला येत होती, हे त्यांना माहीत होतं. पहिला बोल्ट सैल करून त्यांनी तो उगाचच थोडा सावकाश पुन्हा आवळला.

“झालं का?”

“हलू नकोस.”

“मी कुठे हलतेय? तुमची गाडी पहिल्यांदाच स्थिर आहे, बसून घेते.”

शेवटचा बोल्ट झाला. काळेकुट्ट होऊन मास्तर बाहेर आले. मेहुणा उतरला, लेक उतरली, गाडी फळ्यांवरून खाली आली. बायको बसूनच होती. मास्तरांनी हात पुसले, मग पुन्हा पुसले. वजनाला उतर म्हणायचं की बायकोला बस म्हणायचं, याचा निर्णय होईना.

“कोपऱ्यापर्यंत,” ती म्हणाली. “पुढे नाही.”

ते कोपऱ्यापर्यंत गेले. वाटेतल्या स्पीडब्रेकरवर गाडी वर झाली, खाली बसली आणि विषय संपला. कोपऱ्यावर ती वळली. विचार न करता वळली. बायकोने मांडीवरची पर्स पायाशी ठेवली. मास्तरांनी ते पाहिलं आणि न विचारता पुढचा कोपरा घेतला. मग त्याच्या पुढचाही.

“गाडी डावीकडे जातेय,” बायको म्हणाली.

 मास्तरांनी स्टिअरिंग सरळ केलं. थोड्या वेळाने गाडी उजवीकडे गेली.

“आता उजवीकडे.”

“अलाइनमेंट करून घ्यावी लागेल. म्हणजे चाकं जरा—”

“चाकं नाहीत. तुम्ही मघाशी रस्त्याने जाणाऱ्या त्या करड्या कोटाकडे बघत होतात. आता त्या पँटकडे.”

“त्या कोटाचा खांदा उतरलाय गं. बाही सरळ लावलीय नुसती. दिसत नाही का तुला?”

“मला रस्ता दिसतो.”

 इतकी वर्षं डुलणारी, भरकटणारी ती गाडी मास्तरांच्या डोळ्यांसमोरून गेली. त्यातलं किती रबराचं आणि किती आपलं, हा हिशोब त्यांनी कधी मांडलाच नव्हता. फाटक्या बुशांनी आजवर त्यांची अब्रू झाकली होती, आणि ते पांघरूण त्यांनी स्वतःच्या हातांनी, नव्या मापाचे पाने विकत आणून काढून टाकलं होतं.

“थांबवा,” बायको म्हणाली. कठड्यावर बसून बोलली होती त्याच आवाजात.

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. ती उतरली, दार लावलं आणि गाडीच्या पुढून चालू लागली. इथून घर लांब नव्हतं. मास्तर समोर बघत राहिले. आता निदान रिकाम्या सीटशी बोलायची सवय तरी आहे, असं ते मनाशी म्हणत होते, तेवढ्यात त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

“सरका.”

“तू?”

“लायसन्स आहे माझं. गाडीच धड नव्हती.”

मास्तर गिअरवरून पाय उचलत पलीकडे सरकले. त्या वयात ते दृश्य फारसं शोभिवंत नव्हतं. बायकोने सीट पुढे ओढली, आरसा वाकवला आणि भावाला फोन करून सांगितलं, “तू निघ. आम्ही आमचे येतो.”

डोंगराचा रस्ता लागला. तिने पहिलं वळण घेतलं आणि मग दुसरं, मास्तरांनी त्या रस्त्यावर कधी दिला नव्हता अशा वेगात. गाडी जराही कलंडली नाही. मास्तर कलंडले. ‘अगं हळू’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण मग गाडीचा काहीतरी दोष काढावा लागला असता, आणि गाडी दुरुस्त त्यांनी केली होती. त्यांनी तोंड मिटलं आणि दाराच्या वरची कडी दोन्ही हातांनी धरली.

“कसं वाटतंय?” बायकोने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

“छान,” मास्तर म्हणाले. “जरा खिडकी उघडतेस?”