जावईबापूंची नवी आवृत्ती

आमच्या जावयाला मी खटपट्या म्हणते. मनातल्या मनात हं, तोंडावर जावईबापू! दिवसभर कारखान्यात बिघडलेली मशिनं दुरुस्त करायची आणि घरी येऊन चांगलं चालणारं मशीन बिघडवायचं, हा त्याचा नेम.

मागं तो कॉम्प्युटरच्या एका फुकटच्या डेस्कटॉपच्या, म्हणजे पडद्यावरच्या सगळ्या मांडणीच्या, नादी लागला. जगभरची हौशी माणसं मिळून म्हणे ते बनवतात. त्यातली बटणं, सूचना, सगळ्याचं मराठी यानं करून दिलं. ‘सेटिंग्ज’ला काय म्हणावं, या विचारात एकदा जेवताना चमच्याऐवजी पेन चावलं. अर्धं गिळलंसुद्धा. खोटं वाटतं? लेकीला विचारा. ती नाहीच म्हणेल, पण विचारा.

लेक चिडायची. “तुझे शब्द वाचणार कोण?”

“नवी आवृत्ती येऊ दे, आपल्याच पडद्यावर दाखवतो.”

झालं! जावयाची अब्रू त्या आवृत्तीवर टांगली.

आवृत्ती निघाली. रीतसर आमच्या मशीनपर्यंत यायला अजून काही महिने होते, पण धीर धरेल तो खटपट्या कसला! बनवणाऱ्यांच्या भट्टीतूनच त्यानं ती गरमागरम उचलली. मशीन म्हणालं, याला ते हवं. ते घातलं, तर म्हणालं, दोघांचं पटत नाही. शेवटी विचारलं, नवं बसवायला जुनं काढू? काय काय जाणार तेही सांगितलं. यानं न वाचता ‘हो’ ठोकलं.

पडदा काळाठिक्कर. मध्ये एकटा बाण, अंधारात चप्पल शोधत असल्यासारखा. मशीनमधला पंखा असा घोंघावला की शेजारणीची वाळत घातलेली चादर आमच्या खिडकीत!

फोनवरून त्या हौशी मंडळींकडं मदत मागितली, तर एक म्हणाला, “तुमची आवृत्ती जुनी असेल.” दुसरा म्हणाला, “इतकी नवी घ्यायला सांगितलं कुणी?”

लेक दारातून म्हणाली, “दिसले का शब्द?”

बिचाऱ्याचे कान लाल. मी लेकीला डोळ्यांनीच दटावलं.

गेलेलं सगळं त्यानं एकेक करून परत घातलं आणि मशीन सुरू केलं. पडद्यावर एक रडका चेहरा आला, खाली अक्षरं. मी मोठ्यानं वाचलं, “अरेरे! काहीतरी बिघडलंय. आम्हाला ते सावरता येत नाही.”

“आई,” जावई कुजबुजला, “हे मी लिहिलंय.”

“काय सांगता!”

“माझंच! तो ‘अरेरे’ माझा!” असा उडाला की छताला डोकं लागलं. पोपडा पडलाय, दाखवीन कधी.

लेक पुढं आली. वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं, आला टोमणा. तर तिनं खुर्ची ओढली.

“‘सावरता येत नाही’ छान आहे रे. पण बिघडलेल्यानं ‘आम्हाला’ कशाला म्हणायचं? एवढा तोरा? ‘मला’ कर.”

“करू?”

“कर. आणि बटणांना काय म्हटलंयस ते दाखव.”

“पडदाच चालत नाही ना.”

“मग तोंडी सांग.”

तो सांगत गेला, ती शब्दाशब्दाला भांडत गेली. मशीन तिकडं रडत बसलं होतं. बसू दे.