शून्यावर अडकलेला काटा

मित्रांनो, तराजूला तोंड नसतं हे एका परीने बरंच. असतं, तर ते दाखवायला मला जागा राहिली नसती. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक जुना, दोन पारड्यांचा तराजू आहे आणि आज तुम्हाला माझ्या लौकिकाची गोष्ट सांगणार आहे. लौकिक मोठा होता. फक्त खोटा होता, एवढंच.

कारखान्यातून आलो तेव्हा मी खरंच नाजूक होतो. पारड्यात माशी बसली तरी माझा काटा हले. मग शाळेत इलेक्ट्रॉनिक काटा आला. तो मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात गेला आणि मी आम्लाच्या बाटलीशेजारच्या फळीवर. बाटलीचं बूच सैल होतं. ‘लोखंडाचे चार अणू, ऑक्सिजनचे तीन रेणू’ असं गंजाचं समीकरण मुलं माझ्यासमोरच्या टेबलावर बसून संतुलित करायची. दोन्हीकडचे अणू जुळले की वही मिटायची. तीच अभिक्रिया हातभर अंतरावर माझ्या टेकूत चालू आहे, हे कुणाच्या वहीत आलं नाही. एके दिवशी माझी दांडी आडवी होती तशीच अडकली. काटा शून्यावर.

आणि इथून माझे चांगले दिवस सुरू झाले.

वर्षातून एकदा रसायनशास्त्राचे सर मला खाली काढत. पुस्तकात बंद चंबू सांगितला होता; आमच्याकडे उघडा बीकर होता. एका पारड्यात आम्लाचा बीकर आणि चुनखडीचे खडे, दुसऱ्यात वजनं. काटा शून्यावर. मग खडे आम्लात पडत, फसफसून फेस येई, आणि काटा तरीही शून्यावरच!

“बघा,” सर म्हणत, “आधी जेवढं, तेवढंच नंतर. म्हणून समीकरण संतुलित करायचं असतं. माणसं डळमळतील, पण हा डळमळणार नाही.”

पोरं टाळ्या वाजवत. आपण अडकलोय, हे मला ठाऊक होतं. पण टाळ्या कुणाला नको असतात?

मी अडकल्याच्या चौदाव्या वर्षी वर्गात एक मुलगी आली. प्रश्न विचारायची खोड होती, म्हणून सगळे तिला शंकासुर म्हणत.

“सर, समीकरणात उजवीकडे कार्बन डायऑक्साइड आहे ना?”

“आहे.”

“तो तर बुडबुड्यांतून उडून गेला. मग बीकर हलका व्हायला नको?”

“आला शंकासुर!” मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

“समीकरण संतुलित आहे की नाही?” सरांनी विचारलं.

“आहे, सर. पण ते उडालेला वायूही धरतं. पारडं कसं धरणार?”

एवढं बोलून तिने आपली कंपासपेटी माझ्या पारड्यात ठेवली. काटा शून्यावर. मग जेवणाचा डबा ठेवला. शून्यावर. वर्गाचं हसू थांबलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. पण मी टेबलावर होतो.

तिने जर्नलात पेन्सिलीने लिहिलं: ‘तराजू अडकलेला आहे.’ तास संपल्यावर सर तिच्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाळा, तुझं बरोबर आहे. पण परवा बाहेरचे परीक्षक येतायत. बाकी सगळ्यांनी ‘समान’ लिहिलंय, त्यावर माझ्या सह्या झाल्यात. हे असं राहिलं तर मला सही करता येणार नाही. आणि सही नसली तर तुला परीक्षेला बसता येणार नाही. खोड ते.”

“मग खरं काय ते कुठे लिहू, सर?”

सरांनी रबर पुढे केलं. तिने खोडलं, ‘समान’ लिहिलं आणि सही घेऊन गेली.

परीक्षक येणार म्हणून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या मामांनी साफसफाई काढली. “अरे बाबा, काय ही दशा! माणूस असतास तर दवाखान्यात नेला असता,” असं मला म्हणत त्यांनी रॉकेलच्या फडक्याने टेकू घासघासून पुसला. दांडी सुटली.

परीक्षकांनी तोच प्रयोग नेमका तिला दिला. फेस आला, बुडबुडे फुटले आणि बीकरचं पारडं हळूहळू वर गेलं. चौदा वर्षांत मी पहिल्यांदा खरं बोललो. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या जर्नलाकडे.

“इथे ‘समान’ लिहिलंयस. आणि त्याच्याखाली काहीतरी खोडलेलं दिसतंय. काय होतं?”

तिने सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत होते. बराच स्वच्छ चष्मा होता.

“चुकीचं लिहिलं होतं, सर,” ती परीक्षकांना म्हणाली. “म्हणून खोडलं.”

“आणि हा तराजू?”

“बिघडलाय, साहेब,” सर म्हणाले. “जुना झालाय.”

तिला चांगले गुण मिळाले. मला अडगळीची खोली मिळाली. बिघडलाय म्हणाले त्याचं मला काही वाटत नाही. चौदा वर्षं आधी म्हणाले असते तर उपकार झाले असते.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझा कुणी भाऊबंद असेल, तर महिन्यातून एकदा त्याच्या टेकूवरून फडकं फिरवा. आणि तो दरवेळी ‘समान’च सांगत असेल, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याच्या एका पारड्यात काहीतरी ठेवून बघा. त्या मुलीला जे दिसलं ते लिहिता येत होतं. ते खोडायला तिला आम्ही शिकवलं.