बघणारं कुणी

टण्ण... मोदकपात्राचं झाकण वाफेने जरासं उचललं गेलं, पुन्हा बसलं, आणि दुपारची शांतता तेवढ्यापुरती हलली. ऋचाने दचकून आतल्या खोलीकडे पाहिलं – सलोनी उठली नव्हती. हातातली पारी मात्र अकराव्या कळीलाच फाटली.

पुन्हा तेच. पिठी मथुराबाईंकडचीच, उकड तशीच, बोटंही माझीच... मग तिथे, ती समोर असताना, एकवीस कळ्या कशा आपसूक पडत गेल्या?

ती म्हणजे यंत्र. मथुराबाईंकडे ऋचा मोदक वळायला जायची, तिथे कर्वेनगरच्या एका कॉलेजातली मुलं महिनाभरासाठी आणून बसवून गेली होती – बाईसारखा चेहरा, हलणाऱ्या पापण्या, मान किंचित तिरकी करून हातांकडे बघणारी. असं कुणी समोर असलं की माणसाच्या कामात काय फरक पडतो, ते त्यांना बघायचं होतं. शेजारी बसून मोदक वळणाऱ्या हिराचे हात तिच्यापुढे कापायचे, ऋचाचे मात्र... पहिल्याच दिवशी तिने नकळत पहिला मोदक यंत्रापुढे ठेवला – आई समोर बसायची तेव्हाची सवय – आणि मथुराबाई शांतपणे म्हणाल्या, "वर तूपही वाढ हो. यंत्र झालं म्हणून काय पाहुणीला कोरडा मोदक द्यायचा?"

आज सकाळी मुलं तिला चादरीत गुंडाळून घेऊन गेली.

"उद्या एकटीने एकवीस मोदक करून दाखव," मथुराबाई म्हणाल्या. "एकही फुटता कामा नये. मग कामावर कायम ठेवते."

एकटीने... आई नारळ खवून झाला की पाटावर नुसती बसायची. मान जराशी तिरकी. चांगलं म्हणायची नाही, वाईट म्हणायची नाही, बघायची. सलोनी पोटात असताना गेली ती. त्यानंतर या हातांकडे असं कुणी बघितलंच नाही. नवरा म्हणून आमोद वाईट नाही, पण जेवताना त्याचे डोळे ताटावरही नसतात, मोबाइलवर असतात... यंत्राच्या डोळ्यांमागे काही नव्हतं, हे ठाऊक असूनही ते डोळे आत्ता, इथे, ओट्यापलीकडे हवेसे वाटावेत – इतकी उपाशी होते मी?

तिने नवी पारी केली. नऊ, दहा...

"फुटला का, आई?"

सलोनी दारात उभी होती, केस विस्कटलेले. उत्तराची वाट न बघता तिने स्टूल ओढत आणलं, वर चढून बसली, हात मांडीवर ठेवले. "तू सांगायचीस ती बाई बघायची म्हणून छान व्हायचे ना तुझे?" मग तिने मान तिरकी केली – आधी फार, मग थोडी कमी, मग... अगदी तेवढीच.

ऋचाची बोटं कळीवरच थांबली. ही मान त्या यंत्राची नव्हे, आईची. आणि आजीला तर हिने कधी पाहिलंच नाही.

"सांग ना," सलोनी पापणी न हलवता म्हणाली, "ती कशी बघायची? मी तशी बघू?"